जिनिंगवर नवा पोरगा आला, की आधी मशीन बंद करायला शिकवा

दिवाळीच्या पुढेमागे खान्देशातल्या जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने, सुरू होतात. शिरपूर, चोपडा, पारोळा, जामनेरकडे सातपुड्यातून आणि आसपासच्या खेड्यांतून अठरा-वीस वर्षांची पोरं मुकादमाबरोबर येतात. पहिल्या सकाळी हातात टोपली देऊन "त्याचं बघ आणि तसं कर" एवढंच त्यांना सांगितलं जातं. ज्याचं बघायचं तोच चालू जिनमध्ये (सरकी काढणाऱ्या मशीनमध्ये) हात घालत असेल, तर पोरगा तेच शिकणार. त्यासाठी मालक, मुकादम आणि फिटर या तिघांनी पहिले तीन दिवस शिकवण्यासाठी राखून ठेवावेत.

वय आधी बघा. १८ च्या आतल्या कोणालाही जिन, गाठी दाबणारा प्रेस किंवा सरकी पुढे नेणाऱ्या स्क्रूजवळ उभं करू नका. मुकादमाच्या तोंडी हमीवर जाऊ नका, आधार कार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखला स्वतः बघा. चालू शाफ्ट (मशीनला गती देणारा दांडा) पुसायला किंवा त्याला तेल घालायला कोवळ्या वयाच्या कामगाराला १९४८ च्या कारखाने कायद्यानेच मनाई केली होती. आपण त्याहून पुढे जावं: चालू मशीनला तेल कोणीच घालायचं नाही.

पहिला धडा सगळी मशीनं बंद असताना द्या. एकदा जिन चालू झाले की हातभर अंतरावरचंही ऐकू येत नाही. पोरगा अहिराणी किंवा पावरी बोलणारा असेल तर त्याच भाषेतला जुना कामगार शेजारी ठेवा. "काबर?" (का?) असं त्यानं विचारलं तर ते चांगलं लक्षण समजा. ज्या नियमाचं कारण कळलेलं नसतं तो नियम रात्रपाळीत टिकत नाही.

डबल रोलर जिनचं काम त्याला दाखवा. चामड्याचे दोन रोलर फिरतात, प्रत्येकाला एक स्थिर सुरी टेकलेली असते आणि मधला बीटर हलत राहतो. रोलर तंतू ओढून घेतो, सरकी सुरीपाशी अडते आणि खाली पडते. मेन स्विचला कुलूप लावून त्याला रोलरच्या चामड्यावरून हळूच बोट फिरवू द्या. तंतू पकडण्यासाठी कोरलेल्या खाचा बोटाला लागतात. सदऱ्याची बाही, ओढणीचं टोक, मनगटातला दोरा यांनाही त्या खाचा कापसासारख्याच पकडतात. हे हाताला कळलं की बाही दुमडून घ्या, कडं काढा, गमछा गळ्यात नको, वेणी बांधून टोपीत घाला, हे वेगळं समजावत बसावं लागत नाही. हातमोज्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगा, कारण सुरक्षेच्या नावाखाली तेच आधी वाटले जातात: फिरत्या रोलरजवळ हातमोजा घालायचा नाही. मोजाच आधी आत जातो आणि हाताला घेऊन जातो. गाठीची तार किंवा पट्टी हाताळताना मात्र मोजे हवेतच.

आता खरा विषय. जिन चोक होतो तेव्हाच बोटं जातात. पाणी मारलेला किंवा दबून गोळा झालेला कापूस आला की तोंड तुंबतं. मागून कापूस येतच असतो, मुकादम ओरडत असतो, आणि पोराला वाटतं की दोन बोटांनी गोळा उपटला की झालं. त्याला हा क्रम पाठ हवा. हात मागे घ्यायचा. बटण दाबून मोटर बंद करायची. रोलर पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं, कारण मोटर बंद झाली तरी रोलर काही काळ फिरतच असतो आणि घाईचा हात नेमका तेव्हाच आत जातो. मग मेन स्विच खाली ओढायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. नंतर चालू करायचं बटण एकदा दाबून बघायचं. जिन हलला तर चुकीचा स्विच पाडलेला आहे. एवढं झालं की लाकडी काठीनं किंवा आकड्यानं गोळा काढायचा.

लाइन शाफ्टवरच्या, म्हणजे एकाच लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी चालणाऱ्या जुन्या जिनांत पट्टा मोकळ्या पुलीवर टाकला म्हणजे मशीन बंद झालं असं धरू नका. पट्टा हळूहळू सरकून परत चालत्या पुलीवर येतो. तिथे पूर्ण शाफ्ट थांबवायची.

हा क्रम तोंडी विचारू नका, करून घ्या. बंद जिनमध्ये ओल्या कापसाचा गोळा स्वतः अडकवा आणि पोराकडून पाच वेळा काढून घ्या. पहिल्या दोन वेळा तुम्ही बोला, नंतर त्यानं बोलत करायचं. किल्ली स्विचपाशीच लटकत ठेवली तर ती खेप मोजू नका. तिसऱ्या दिवशी कुलूप लावलेल्या जिनवरच त्याला "लवकर काढ रे" म्हणून घाई करा. त्याची नजर आधी स्विचकडे गेली तर तो तयार आहे.

आणि मालकांसाठी: मजुरी गाठीवर किंवा क्विंटलवर ठरलेली असेल तर थांबलेला प्रत्येक मिनिट पोराच्या पोटाला लागतो. चोक काढायला लागलेला वेळ कापला जाणार नाही, हे सगळ्यांसमोर, मुकादमाच्या देखत बोलून दाखवा. ते न बोलता दिलेलं शिक्षण पहिल्या गर्दीच्या दिवशीच वाया जातं.

सुरू करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. आधी घंटा, मग पूर्ण रांगेतून चक्कर, मगच बटण. थांबण्याची खूण म्हणून डोक्यावर दोन्ही हातांची फुली ठरवा; ती कोणीही केली तरी मशीन थांबलं पाहिजे. कानात मोबाईलचे बोळे नकोत, आवाज अडवणारे बोळे हवेत.

सरकी नेणारा स्क्रू जमिनीखालच्या नाल्यातून जातो. त्यावरचं झाकण बोल्टनं कसलेलं हवं. झाकण उघडं दिसलं तर त्यावरून उडी मारून जायचं नाही, स्क्रू थांबवायचा. प्रेसवर तार तुटली तर चाबकासारखी तोंडावर येते, म्हणून चष्मा लावायचा आणि गाठीच्या तोंडासमोर उभं न राहता बाजूला राहायचं. गाठ १७० किलोची असते. ती उचलायची नाही, हातगाडीवर न्यायची. कापसाची किंवा सरकीची गंजी खालून पोखरू नका. वरचा भाग अधांतरी राहतो आणि सगळा एकदम अंगावर येतो. वरून उतरत्या बाजूनं काढा, आणि गंजीजवळ एकट्याला पाठवू नका.

आगीचं मूळ बहुतेकदा कापसातच येतं: विळ्याचा तुकडा, बोल्ट, खडा. तो धातूवर घासला की ठिणगी पडते. म्हणून ट्रॉली रिकामी होतानाच लोखंड आणि दगड वेचायला शिकवा. बिडी आणि आगपेटी गेटवरच जमा. ६ किलोचं पावडरचं सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदच चालतं, त्यामुळे पिन काढून नळी ज्वाळेच्या बुडाशी धरण्याचा सराव आधी हवा. कापसाची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. संशयाची गाठ आवारात लांब, उघड्यावर ठेवा आणि काही दिवस नजर ठेवा.

हात अडकला तर ओढायचा नाही आणि मोटर उलटी फिरवायची नाही. वीज तोडा, फिटरकडून रोलरचा दाब सैल करून घ्या, १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला थेट बर्फ लावू नका. जखमेवर हळद नको, स्वच्छ कापडाचा घट्ट दाब हवा.

धूळ दिसायला किरकोळ, पण छाती तीच खाते. रुमालातून बारीक धूळ आत जाते. एन-९५ मास्क द्या आणि तो नाकावर दाबून बसवायला शिकवा. कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झाडू देऊ नका. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते का, हे दर आठवड्याला प्रत्येकाला विचारा, कारण कापसाच्या धुळीचा आजार सुरुवातीला असाच ओळखू येतो. हो म्हणाला तर त्याला धुळीपासून दूरचं काम द्या आणि डॉक्टरकडे पाठवताना "जिनिंगवर कामाला आहे" हे चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर साधा खोकला समजून औषध मिळतं आणि पोरगा परत त्याच धुळीत उभा राहतो.