क्रूझवरचे औपचारिक जेवण टाळायचे की नाही? निर्णय घेताना या चुका टाळा

गोव्यात ‘क्रूझ’ म्हटले की अजूनही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मांडवीतली तासाभराची फेरी येते. या लेखाचा विषय ती फेरी नाही. सिंगापूर, बार्सिलोना किंवा दुबईसारख्या बंदरातून निघून सात-आठ रात्री समुद्रावर राहणाऱ्या मोठ्या बोटींवर फोंडा, म्हापसा, मडगाव येथील कुटुंबे आता जाऊ लागली आहेत, आणि बॅगा भरताना त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. बोटीच्या मुख्य भोजनगृहात टेबलावर बसून, वेटरने एकामागून एक पदार्थ आणून द्यायचे जे रात्रीचे जेवण असते, आणि ज्यातील एकदोन रात्री ‘फॉर्मल’ म्हणून जाहीर केलेल्या असतात, ते आपल्याला झेपेल का, की सरळ बुफेमध्ये जेवावे? मुंबई–गोवा मार्गावरील दोन-तीन रात्रींच्या देशी फेरीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही; लांबच्या सफरीत मात्र तो रोज संध्याकाळी समोर येतो.

बहुतेक जण त्याचे उत्तर घरच्या बैठकीतच देऊन मोकळे होतात. ‘ते कोट-टायचे आपल्याला नको’ असे कोणीतरी म्हणते आणि सातही रात्रींचा निकाल लागतो. माझ्या मते मूळ चूक हीच आहे. हा निर्णय एका रात्रीपुरता, त्या दिवशीचा थकवा, समुद्र आणि जेवणाची यादी पाहून घ्यायचा असतो. निघण्यापूर्वी ठरवण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत, जेवणाची वेळ आणि आहाराची पूर्वसूचना. आणि नेमक्या त्याच मागे राहून जातात.

पोशाखाच्या भीतीने जेवण सोडणे

पोशाख आणि जेवण यांचे दोन वेगळे निर्णय आहेत, हे लक्षात न घेतल्याने सर्वाधिक घोळ होतो. सात रात्रींच्या सफरीत साधारणपणे दोनच रात्री औपचारिक असतात, आणि त्याही बहुधा बोट कोणत्याही बंदराला न लागता दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी. बाकीच्या पाच रात्री त्याच भोजनगृहात, त्याच टेबलावर, साधी पँट आणि कॉलरचा शर्ट घालून बसता येते. त्या दोन रात्रींसाठी उरलेल्या पाचही रात्री सोडून देणे म्हणजे लग्नात फेटा बांधावा लागेल म्हणून पंगतीलाच न बसण्यासारखे आहे.

शिवाय ‘औपचारिक’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. क्युनार्ड ही जुन्या शिस्तीची कंपनी आहे. तिथे गाला म्हणजे औपचारिक रात्री काळा सूट किंवा डिनर जॅकेट अपेक्षित असते, आणि तसा पोशाख न केलेल्यांना संध्याकाळी सहानंतर बुफे, पब अशा निवडक जागांपुरतेच राहावे लागते. याउलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून ठरलेली वेळ आणि सक्तीचा औपचारिक पोशाख हे दोन्ही प्रकार बाजूला सारले. सेलिब्रिटी कंपनीने 2015 मध्ये औपचारिक रात्रींऐवजी ‘ईव्हनिंग शिक’ नावाचा बराच सैल नियम आणला. म्हणून ‘क्रूझवर कोट लागतो’ हे ऐकीव वाक्य प्रमाण न मानता आपल्या तिकिटावरील कंपनीचा नियम तिच्या संकेतस्थळावर वाचावा. नियम बदलत राहतात, तेव्हा दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचे मतही तपासूनच घ्यावे.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण मुळात अडचण नसतेच. औपचारिक राष्ट्रीय पोशाख बहुतेक कंपन्यांना मान्य असतो. रेशमी साडी, बंदगळा, चांगला कुर्ता आणि त्यावर जाकीट एवढ्यावर दोन्ही रात्री सन्मानाने पार पडतात, आणि दाबोळी किंवा मोपा विमानतळावर सामानाच्या वजनाची काळजी करण्याचे कारण उरत नाही. काटे-चमच्यांच्या रांगेचीही धास्ती बाळगू नये. बाहेरच्या बाजूने आत सरकत जायचे, एवढाच तो नियम आहे, आणि चुकलेच तर वेटर न बोलता नवा काटा आणून ठेवतो.

पहिली रात्र चुकवणे

ही चूक मी स्वतः केली आहे. भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या सफरीत आम्ही चौघे, म्हणजे दादा, वहिनी, माझी पत्नी आणि मी, बोटीवर चढलो तेव्हा आमच्या बॅगा केबिनमध्ये पोहोचल्या नव्हत्या. अंगावर प्रवासाचे चुरगळलेले कपडे होते. ‘अशा अवताराने तिथे जायचे का?’ असे वहिनींनी विचारले, आणि आम्ही वरच्या डेकवरील बुफेत जेवून झोपलो. पहिल्या रात्री बॅगा उशिरा येतात हे बोटीलाही ठाऊक असते आणि म्हणूनच ती रात्र जवळजवळ सर्वत्र साध्या पोशाखाची ठेवलेली असते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

त्यात एका जेवणापेक्षा अधिक नुकसान झाले. पहिल्या रात्री वेटर आणि हेड वेटर टेबलावरील प्रत्येकाचे खाणे-पिणे, पथ्य, आवडनिवड विचारून घेतात, आणि ठरलेल्या टेबलाच्या पद्धतीत तोच वेटर आठवडाभर तुमच्याकडे येतो. आम्ही दुसऱ्या रात्री गेलो, तर ती रात्र औपचारिक निघाली. भोजनगृह भरलेले, हेड वेटर धावपळीत, आणि वहिनींचे सोमवारचे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, समजावून सांगायला कोणालाच सवड नव्हती. म्हणून माझा सल्ला असा की एखादी रात्र सोडायचीच असेल तर ती पहिली नसावी.

‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर विसंबणे

आपल्याकडे शिवराक म्हटले की अंडेदेखील त्यातून वगळलेले असते, हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात मात्र व्हेजिटेरियन म्हणजे मांस आणि मासे नसलेले अन्न. अंडे त्यात बसते. भाज्यांच्या सूपचा आधार कोंबडीच्या हाडांचा असू शकतो, गोड पदार्थ जिलेटिनने घट्ट केलेला असू शकतो, आणि आशियाई चवीच्या भाजीत फिश सॉस असू शकतो. ही भीती अनाठायी नाही. पण तिच्यामुळे भोजनगृह सोडून बुफेकडे वळणे हे आगीतून फुफाट्यात जाण्यासारखे आहे, कारण बुफेत शंभर माणसांचे चमचे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात फिरत असतात आणि पदार्थात काय आहे हे खात्रीने सांगू शकणारा माणूस प्रत्येक भांड्यामागे उभा नसतो. भोजनगृहात मात्र तुमच्या ताटाची जबाबदारी एका ठरावीक वेटरकडे आणि त्याच्यावरच्या हेड वेटरकडे असते.

यासाठी दोन पायऱ्या पाळाव्यात. तिकीट काढल्यावर, निदान महिनाभर आधी, एजंटाकरवी किंवा थेट कंपनीला आहाराची लेखी सूचना द्यावी. तीत नुसता ‘व्हेज’ हा शब्द न घालता अंडे चालते की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, जैन जेवण हवे का, हे वेगवेगळे लिहावे. मग बोटीवर पहिल्याच दिवशी दुपारी भोजनगृहात जाऊन ती सूचना पोहोचली आहे ना, हे विचारावे. मोठ्या बोटींवरील मुदपाकखान्यात बहुधा भारतीय स्वयंपाकी असतात, आणि उद्याच्या रात्रीसाठी डाळ-भात किंवा एखादी भाजी हवी असे आदल्या रात्री सांगितले, तर ती पुष्कळदा मिळते. ऐन वेळी मागितली तर मिळेलच असे नाही, आणि त्यात त्यांचा दोष मानू नये. गोव्याच्या प्रवाशाला इथे एक लाभ होऊ शकतो. आपल्या गावागावांतून पिढ्यान्‌पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे लोक, जगभरच्या बोटींवर गेलेले आहेत, आणि जेवण वाढणाऱ्याच्या छातीवरील पाटीवर ‘इंडिया’ वाचून कोकणीत दोन शब्द बोलून पाहिले, तर शिवराक शब्दाचा अर्थ समजावण्याचे श्रमही वाचू शकतात.

मासे खाणाऱ्यांसाठी उलट सूचना आहे. अनेक बोटींवर शेवंड दुसऱ्या औपचारिक रात्री ठेवण्याचा प्रघात आहे. ती रात्र कोटाच्या कंटाळ्याने सोडून त्याच वेळी जादा पैशांच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. (गोव्याच्या माणसाला ती शेवंड आपल्या घरच्या इतकी चविष्ट लागेल असे मी म्हणणार नाही, पण ती तिकिटात धरलेली असते.)

वेळेचा हिशेब न करणे

ठरलेल्या वेळेच्या पद्धतीत दोन पंगती असतात. पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. याशिवाय अनेक कंपन्या ठरावीक तासांत केव्हाही या, अशी तिसरी सोयही देतात. रात्री नऊनंतर जेवणाऱ्या घरातील माणसे एजंटाने दिलेली पहिली वेळ न पाहता स्वीकारतात, आणि मग चहाच्या वेळी जेवायला कोण बसणार म्हणून रोज दांडी मारतात. इथे दोष औपचारिकतेचा नसून वेळेचा आहे. उलट मधुमेहाच्या रुग्णांना आणि लवकर झोपणाऱ्या मुलांना ती पहिली पंगतच सोयीची असते, कारण दुसरीत शेवटचा गोड पदार्थ येईपर्यंत दहा वाजून जातात.

चुकीची वेळ मिळाली असेल तर बोटीवर चढल्याच्या दिवशीच दुपारी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटावे. त्या दिवशी बदलाच्या विनंत्या घेण्यासाठी तो बहुधा बसलेलाच असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलात, तर रिकामी टेबले संपलेली असतात. नाट्यगृहातील कार्यक्रमही या दोन पंगतींशी जुळवून ठेवलेले असतात, म्हणून वेळ बदलली की कार्यक्रमाची वेळही पाहून घ्यावी.

बोट लागल्यावर वर जाणे

समुद्र खवळला की लोक भोजनगृह सोडून वरच्या डेकवरील बुफेकडे जातात. बोटीचे हेलकावे मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी, तर उंचावर आणि टोकांकडे जास्त जाणवतात, आणि बुफे बहुतेक बोटींवर वरच्याच डेकवर असतो. मुख्य भोजनगृह सहसा खाली असते, परंतु पुष्कळदा मागच्या टोकाला असते; तेव्हा मळमळ खरोखर वाढत असेल, तर दोन्ही सोडून केबिनमध्ये कोरडी बिस्किटे आणि सफरचंद मागवणे इष्ट. केबिनमध्ये जेवण मागवण्यासाठी काही कंपन्या वेगळे शुल्क घेतात, ते आधी विचारावे.

न सांगता गैरहजर राहणे

इतरांबरोबरचे सामाईक टेबल मिळाले असेल, तर तुमच्यासाठी बाकीचे सोबती आणि वेटर काही मिनिटे थांबतात. पंगतीत शेजारचे पान रिकामे ठेवून वाढपी अडकून राहतो, तसेच ते आहे. जेवायला न येण्यात अपमान कोणी मानत नाही. आदल्या रात्री ‘उद्या आम्ही येणार नाही’ एवढे सांगितले की पुरते. मुले कंटाळत असतील, दुसऱ्या दिवशी पहाटेच बंदरावर उतरायचे असेल, किंवा दोन तास खुर्चीवर बसणे वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना सोसत नसेल, तर ही कारणे माझ्या मते पुरेशी आहेत आणि त्यासाठी संकोच करू नये.

काही जण पैसे वाचतील या समजुतीने जेवण टाळतात. मुख्य भोजनगृह आणि बुफे दोन्ही तिकिटातच धरलेले असल्याने न जेवल्याबद्दल काही परत मिळत नाही. मोठ्या अमेरिकन कंपन्या दर माणशी दर रात्री साधारण 16 ते 20 डॉलर बक्षिसी खात्यात आपोआप लावतात. तीत भोजनगृहातील वेटरांचाही वाटा असतो, आणि तुम्ही बुफेत जेवलात म्हणून ती आपोआप कमी होत नाही.

जेवण टाळण्याचे ठरलेच, तर बुफे रात्री किती वाजता बंद होतो हे केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात किंवा बोटीच्या ॲपमध्ये संध्याकाळी सहाच्या आत पाहावे. अनेक बोटींवर तो नऊ-साडेनऊलाच आवरतो, आणि त्यानंतर पिझ्झा किंवा सँडविचवर भागवावे लागते. औपचारिक रात्री बुफेत भोजनगृहातील काही पदार्थ ठेवतात, पण सगळे नाही. त्या रात्रीची यादी दुपारीच भोजनगृहाच्या दाराबाहेर किंवा ॲपमध्ये दिसते. ती वाचून मगच वर जायचे की खाली, हे ठरवावे.

शेवटच्या रात्रीचे मात्र आधीच ठरवून ठेवावे लागते. त्या रात्री मोठ्या बॅगा दहा-अकराच्या सुमारास केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, म्हणून पोशाखही साधाच अपेक्षित असतो. आम्ही दुसऱ्या पंगतीला होतो. दादांनी जेवणाआधीच सगळे आवरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी उतरताना घालायचे कपडेही तिच्यात गेले, त्यामुळे जेवायला गेलेल्या शर्टातच त्यांनी विमानतळ गाठला.