राउटर आणि लॅपटॉपची पत्रिका कशी जुळवावी

दुकानात 'एएक्स ६०००' लिहिलेलं राउटरचं खोकं हातात आलं की मोह होतो. आत आठ अँटेनांचा कोळी बसलेला असतो आणि घरच्या लॅपटॉपला बहुधा दोनच. राउटरच्या अँटेना आठ असल्या तरी लॅपटॉपचा कमाल वेग त्याच्या दोनांवरच अडतो. घरात पंधरा उपकरणं एकदम चालणार असतील तर गोष्ट वेगळी. इथे प्रश्न आहे एका लॅपटॉपला पूर्ण वेग मिळण्याचा, म्हणून सुरुवात लॅपटॉपपासूनच करायची.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. खाली 'डिस्क्रिप्शन'समोर वाय-फाय कार्डाचं नाव दिसतं. ते कागदावर उतरवून घ्या. इंटेलचं 'एसी ३१६५' असेल तर कमाल ४३३ एमबीपीएस, कारण त्याला एकच धारा, म्हणजे डेटाचा एकच प्रवाह. 'एसी ८२६५'ला दोन धारा, म्हणून ८६७. 'एएक्स२०१'च्या नावापुढे '१६० मेगाहर्ट्झ' असेल तर २४०२. तिथेच 'लिंक स्पीड'ही दिसतो, पण तो सध्याच्या राउटरसोबतचा, या क्षणाचा. कार्डाची खरी कुवत नावावरूनच कळते. मॅकवर ऑप्शन बटण दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की 'टीएक्स रेट' दिसतो, तोही या क्षणाचाच.

आता खोकं वाचा. त्यावरचं 'एसी' म्हणजे वाय-फाय ५, 'एएक्स' म्हणजे वाय-फाय ६, आणि मोठा आकडा म्हणजे दोन बँडच्या, म्हणजे दोन लहरीपट्ट्यांच्या, वेगांची गोळाबेरीज. एसी १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७. एएक्स १८०० म्हणजे ५७४ आणि १२०१, एएक्स ३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. वाय-फाय ६ पर्यंतचा लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर बसतो, तेव्हा बेरीज विसरा आणि ५ गिगाहर्ट्झचा आकडा बघा. ८२६५ वाल्याला एसी १२०० पुरतो. एएक्स२०१ वाल्याने एएक्स ३००० घ्यावा, आणि त्यात १६० मेगाहर्ट्झची सोय आहे ना, हे विचारूनच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते मागच्या भोकांपाशी. स्वस्त एसी १२०० राउटरला पुष्कळदा १०० एमबीपीएसचेच पोर्ट असतात. वाय-फाय ८६७ चं, पण तारेतून येणार शंभर! खोक्यावर 'गिगाबिट' हा शब्द शोधा, सापडला नाही तर खोकं परत फळीवर ठेवा.

माझं मात्र पोर्ट गिगाबिट असूनही स्पीड टेस्ट ९४ वर अडून बसली होती. ९४ च्या आसपास आकडा थबकला की समजायचं, कुठेतरी शंभराची जोडणी आहे. दोन दिवस राउटरला शिव्या घातल्या. शेवटी मोडेमकडून येणाऱ्या केबलचं टोक उजेडात धरलं, तर आठपैकी चारच तारा कनेक्टरमध्ये बसवलेल्या. गिगाबिटला आठही लागतात. केबल बदलली आणि काम झालं.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये शिरा. ५ गिगाहर्ट्झचं नाव २.४ पेक्षा वेगळं ठेवा, म्हणजे लॅपटॉप कुठे बसलाय ते कळतं. चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ करा, १६० वाल्या एएक्स२०१ साठी १६०. ८६७ वाल्या कार्डाला ४० वर ४०० आणि २० वर १७३ च मिळतात. सिक्युरिटी 'डब्ल्यूपीए२ एईएस' किंवा डब्ल्यूपीए३. जुनं 'टीकेआयपी' चालू असेल तर वेग ५४ वर आपटतो.

त्याच खोलीत, पाच-सहा फुटांवर बसून लिंक स्पीड पुन्हा बघा. ८६७ दिसला तरी फाइल कॉपी करताना त्याच्या निम्मा ते दोन-तृतीयांश वेगच हाती येतो. वाय-फायचा कारभारच तसा, बिघाड नव्हे. शिवाय शंभराचा इंटरनेट प्लॅन असेल तर डाउनलोड शंभराच्या पुढे जाणार नाही.

कार्डच ४३३ चं निघालं तर नव्या राउटरचे पैसे राखून ठेवा. कार्ड मदरबोर्डला डकवलेलं नसेल तर ते बदलता येतं. फक्त एएक्स२०१ मागवू नका, त्याला इंटेलचा ठरावीक चिपसेट लागतो. साध्या पीसीआय-एक्सप्रेस जागेत एएक्स२०० बसतं. काही कंपन्यांचं बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, परकं कार्ड स्वीकारत नाही, तेव्हा आपल्या मॉडेलचं आधी विचारून घ्या.