विणकामाच्या शिक्षिकेने डिझायनर व्हायचे तर

विणकामाचे वर्ग अनेक वर्षे घेतलेल्या बाईला डिझायनर होण्यासाठी नव्याने काय शिकावे लागेल, असे विचारले तर बहुतेक जणी रंगसंगती, फॅशन किंवा संगणक यांची नावे घेतात. माझ्या मते खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. वर्गात विद्यार्थिनी अडली की आपण तिच्या हातातून सुया घेतो, चार टाके विणून दाखवतो, "आता मुंढ्याला दोन्हीकडून बेताने कमी करत जा" असे सांगतो आणि स्वेटर पुरा होतो. त्या स्वेटरचा निम्मा नमुना वहीत नसतो, तो शिक्षिकेच्या तोंडी असतो. डिझायनरचा नमुना मात्र तिच्या गैरहजेरीत विणला गेला पाहिजे. सांगलीच्या विश्रामबागेत बसून लिहिलेला कागद सोलापूरच्या किंवा सिमल्याच्या अनोळखी बाईच्या हाती पडला, तरी एकही फोन न करता तिला ठरलेल्या मापाचा कपडा विणता आला पाहिजे. पुढे जे सांगितले आहे ते सगळे याच एका अपेक्षेतून आले आहे.

आधी वाट निवडावी. कारखान्यासाठी निटवेअरचे, म्हणजे विणीच्या कपड्यांचे, डिझाईन करणे आणि हातविणकामाचे नमुने तयार करून विकणे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. लुधियानातील स्वेटरचे उत्पादन यंत्रांवर होते, तर तिरुपूरला मुख्यतः यंत्रावर विणलेले सुती कापड बेतून कपडे शिवले जातात. तिथे यंत्राचा गेज, म्हणजे इंचात किती सुया बसतात ते, समजून घेऊन मापांचा आणि सूचनांचा तांत्रिक तक्ता बनवावा लागतो. ज्यांना त्या वाटेने जायचे असेल त्यांच्यासाठी निफ्टसारख्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) संस्थेचा पदवी अभ्यासक्रम आहे. ज्यांनी घर सांभाळून वर्षानुवर्षे सुया चालवल्या आणि शिकवल्या, त्यांना दुसरी वाट अधिक जवळची आहे आणि हा लेख तिच्याविषयीच आहे.

पहिले डिझाईन कशाचे करावे, याचे उत्तर परदेशी नमुन्यांत शोधू नये. सातारा-सांगलीकडे थंडी दोन-अडीच महिन्यांची असते आणि तीही बहुतेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळपुरतीच असते. महाबळेश्वर-पाचगणी सोडली तर जाड गळपट्टीच्या भरगच्च स्वेटरला इथे फारसे गिऱ्हाईक नाही. मागणी आहे ती बाळंतविड्याला, कानटोप्यांना आणि साडीवर घालायच्या, समोरून उघडणाऱ्या स्वेटरला. बाळंतविड्यातील टोपडे-मोजे लहान असतात, लवकर विणून होतात आणि फसले तर उसवायलाही फार वाटत नाही, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी ते योग्य आहेत. मात्र तिथेही डिझायनरची नजर लागते: बाळाची बोटे अडकतील अशी मोठ्या भोकांची जाळी मोज्यांना घेऊ नये, गळ्याशी लांब नाडी ठेवू नये, आणि बटण लावायचेच असेल तर ते पक्के शिवण्याची सूचना नमुन्यातच लिहावी.

साडीवरच्या स्वेटरकडे मी अधिक लक्ष वेधू इच्छिते, कारण आपल्यापाशी असलेले ज्ञान परदेशी डिझायनरकडे नाही. बाजारात मिळणारे नमुने पँट किंवा स्कर्टवर घालायचे असतात. साडीवर तोच स्वेटर चढवला की डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या दाटतात, मुंढा काचतो, आणि खालचे बटण निऱ्यांच्या फुगीर भागावर येऊन पुढच्या दोन्ही बाजू फाकतात. यावर उपाय विणीतच आहे. मुंढ्याची खोली नेहमीपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटर वाढवावी, खांद्यावर केबलसारखी (वेणीची) जाड वीण घेऊ नये, शेवटचे बटण कमरेच्या वर थांबवावे आणि तिथून खाली पुढच्या भागांना बटनपट्टीलगत थोडे टाके वाढवून घेर द्यावा. असा एक स्वेटर नीट बसला की त्यावरून वेगवेगळ्या विणींचे चार-पाच नमुने करता येतात.

आता गणित. वर्गात आपण "तुझ्या मापाला नव्वद टाके घाल" असे अंदाजाने सांगतो, आणि तो अंदाज अनुभवामुळे बरोबरही येतो; पण अंदाज छापता येत नाही. डिझाईनची सुरुवात नमुन्याच्या तुकड्यापासून करावी. ज्या लोकरीने आणि ज्या सुयांनी कपडा होणार आहे त्यांनीच, जी वीण वापरायची आहे त्याच विणीत, किमान पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा विणावा, तो कपड्यासारखाच धुऊन सपाट वाळवावा आणि मगच मधल्या दहा सेंटिमीटरांत किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. कडेचे टाके ओढले गेलेले असतात, म्हणून कडेपासून मोजू नये. न धुता मोजलेल्या मापावर तर अजिबात विसंबू नये, कारण काही लोकर धुतल्यावर सैल पडते आणि सुती धागा पुष्कळदा आटतो.

समजा दहा सेंटिमीटरांत २२ टाके आणि ३० ओळी आल्या. छाती ९० सेंटिमीटर आहे आणि शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात ते, म्हणजे अंगाच्या मापाहून जास्तीची सैलता, ६ सेंटिमीटर ठेवायचे आहे. एकूण घेर ९६, म्हणजे पाठीचा भाग ४८ सेंटिमीटरांचा झाला. ४८ ला २.२ ने गुणले की १०५.६ येतात. वीण ८ टाक्यांची असेल आणि कडेला दोन जोडटाके हवे असतील, तर १३ वेळा ८ आणि अधिक २ असे १०६ टाके नेमके बसतात. प्रत्येक वेळी असे जुळून येत नाही. तेव्हा विणीत एखादा टाका वाढवायचा, कडेला साधा पट्टा ठेवायचा की लूजिंग थोडे बदलायचे, हा निर्णय घेणे हेच डिझायनरचे काम आहे. माप किती नाजूक असते तेही पाहावे. विणणारीचा हात थोडा सैल असून तिचे २२ ऐवजी २१ टाके बसले, तर त्याच १०६ टाक्यांची रुंदी साडेपन्नास सेंटिमीटर होते आणि पूर्ण स्वेटर पाच सेंटिमीटर ढगळ होतो. म्हणून टाक्यांचे माप नमुन्याच्या पहिल्याच भागात ठळकपणे लिहावे आणि माप जुळत नसेल तर सुई बदलण्याची सूचना द्यावी.

तोच तुकडा लोकरीचा अंदाजही देतो. पंधरा बाय पंधराचा, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटरांचा तुकडा ९ ग्रॅम भरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.०४ ग्रॅम लोकर लागते. पाठ, पुढचे भाग आणि बाह्या मिळून ८,००० चौरस सेंटिमीटर होत असतील तर ३२० ग्रॅम, आणि तुकडे, शिवण व चुका धरून दहा टक्के अधिक, म्हणजे सुमारे ३५० ग्रॅम लोकर सांगावी. वजनाबरोबर लोकरीची जाडी आणि शंभर ग्रॅममागे मीटर किती तेही लिहावे, कारण सांगलीच्या दुकानात मिळालेली लोकर दुसऱ्या गावात मिळेलच असे नाही, आणि "फोर प्लाय" या एका नावाखाली निरनिराळ्या जाडीचे धागे विकले जातात.

फुले, पाने किंवा मोर विणायचे असतील तर चौकोनी ग्राफ पेपरवर भरवसा ठेवू नये. साध्या विणीतील टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. वरच्या मापात २२ टाके आणि ३० ओळी एकाच अंतरात बसतात, याचा अर्थ चौकोनी कागदावर गोल काढलेले फूल विणल्यावर बसके, चपटे दिसते. संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये रकान्याची रुंदी आणि ओळीची उंची सुमारे चारास तीन या प्रमाणात ठेवली की खरा आकार आधीच डोळ्यांपुढे येतो. तक्त्याच्या वाचनाचाही नियम स्पष्ट लिहावा: सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे वाचायची असते. मराठी वाचणाऱ्याचे डोळे आपोआप डावीकडून सुरू होतात, आणि एकीकडे झुकणारी वीण असली की तिथेच ती उलट्या दिशेला झुकते.

यानंतरचा टप्पा निरनिराळ्या मापांचा. एका मापाचा स्वेटर उत्तम बसला म्हणजे सगळे आकडे सारख्या प्रमाणात वाढवून मोठे माप मिळते, ही समजूत सर्वाधिक नुकसान करते. छाती दहा सेंटिमीटर वाढली तरी खांदा त्या प्रमाणात रुंदावत नाही, मान त्याहूनही कमी वाढते आणि बाहीची लांबी बहुधा बदलतच नाही. मुलांच्या बाबतीत डोक्याचे माप फसवते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर, सहा महिन्यांचा सुमारे ४३ आणि वर्षाचा सुमारे ४६ असतो. म्हणजे टोपड्याची पहिली दोन मापे एकमेकांपासून बरीच दूर आणि पुढची जवळ असतात. टोपडे डोक्यावर टिकण्यासाठी घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लहान विणायचे, आणि डोक्यातून घालायच्या झबल्याचा गळा मात्र त्या मोठ्या डोक्यातून जाईल इतका ठेवायचा किंवा खांद्यावर बटणे द्यायची. सुरुवातीला तीनच मापे द्यावीत; प्रत्येकाचे टाके वेगळ्या रकान्यात मांडून, विणीची पुनरावृत्ती प्रत्येक मापात बसते का ते तपासावे.

लिहिताना शिक्षिकेचा अनुभव खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. विद्यार्थिनी कुठे अडतात हे तिला ठाऊक असते: गळ्यासाठी मधले टाके बंद केल्यावर दुसरी बाजू कोणत्या ओळीने सुरू करायची, दोन्ही पुढच्या भागांत "तसेच, पण उलट बाजूने" म्हणजे नेमके काय, काजे किती अंतरावर. अशा जागी "नेहमीप्रमाणे" हा शब्द लिहू नये. प्रत्येक ओळीनंतर सुईवर किती टाके उरले पाहिजेत ते कंसात द्यावे. ती एक सवय वाचणारीचे तासन् तास वाचवते. सुलट, उलट, दोन टाके एकत्र, धागा पुढे घेऊन जाळी यांसाठी जी संक्षिप्त रूपे वापराल त्यांची यादी आधी द्यावी आणि ती शेवटपर्यंत बदलू नयेत. नमुना इंग्रजीतही काढायचा असेल तर प्रचलित इंग्रजी संक्षेपच वापरावेत. क्रोशाच्या बाबतीत अमेरिकी आणि ब्रिटिश नावे एकाच टाक्याला वेगवेगळी आहेत, त्यामुळे आपण कोणती वापरली ते पहिल्या पानावर सांगावे.

मग चाचणी. कागद दोन-तीन जणींना विणायला द्यावा, पण त्या सगळ्या आपल्याच विद्यार्थिनी नसाव्यात. आपल्या हाताखाली शिकलेली बाई आपली मोडलेली वाक्ये सवयीने पुरी करून घेते आणि नमुना निर्दोष असल्याचा भास होतो. साताऱ्याच्या राजवाड्याजवळ राहणारी एखादी आत्या किंवा मावशी, जिने आपला वर्ग कधी पाहिला नाही, ती खरी परीक्षक. ती समोर बसून विणत असेल तर आपण तोंड बंद ठेवावे. हे आपल्यासारख्यांना विणण्यापेक्षा कठीण जाते. ती जिथे थांबते, मागचे पान उलटते किंवा टाके पुन्हा मोजते तिथे खूण करावी. चाचणीसाठी लोकर आपण द्यावी, आणि शक्य असेल तर मजुरीही. आकड्यांची तपासणी मात्र विणणाऱ्या बाईवर सोडू नये. ती हिशेबात पक्क्या असलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे करून घ्यावी.

वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेले सगळे नमुने आपले नसतात, ही गोष्ट वेळीच लक्षात घ्यावी. एक सुलट एक उलट, दाणेदार वीण, वेणी, पानांची जाळी या परंपरेने चालत आलेल्या विणी कोणाच्याही मालकीच्या नाहीत. परंतु मासिकातून उतरवलेला किंवा इंटरनेटवरून घेतलेला नमुना दोन टाके बदलून आपल्या नावाने विकता येत नाही. आपण लिहिलेल्या सूचना आणि काढलेले तक्ते यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण नोंदणीशिवायही मिळते आणि ते लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकते. कपड्याचे बाह्य रूप स्वतंत्रपणे राखायचे असेल तर २००० च्या डिझाईन कायद्याखाली नोंदणी आहे. तिची मुदत दहा वर्षे असून पुढे पाच वर्षांनी वाढवता येते. एकटीने सुरुवात करणाऱ्या बाईने या खर्चात लगेच पडू नये, असे मला वाटते.

विक्रीबाबत थोडक्यात. विणून दिलेल्या स्वेटरची मजुरी एकदाच मिळते, नमुन्याचा कागद पुन्हा पुन्हा विकता येतो. म्हणूनच त्याची किंमत लोकरीच्या वजनाशी बांधू नये. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरीसारख्या विणकामाच्या संकेतस्थळावर नमुना ठेवता येतो, तसेच मराठीतील नमुन्यांना व्हॉट्सअॅपवरच्या विणकाम गटांत वाचक सापडतात. स्वच्छ उजेडात, अंगावर घातलेल्या कपड्याचे पुढून, मागून आणि विणीचे जवळून असे तीन फोटो पुरेसे आहेत. बचत गटाला विणायचे काम देण्याचा विचार असेल, तर उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क होते आणि पुढे कर्ज किंवा प्रदर्शनासाठी उपयोगी पडते. माण, आटपाडी, जत भागातल्या मेंढ्यांची दख्खनी लोकर वापरण्याचा मोह होईल. ती खरबरीत असते, घोंगडीला योग्य पण कानटोपीला बोचणारी, तेव्हा तिचा विचार पिशव्या किंवा वरून घालायच्या जाकिटापुरता करावा.

नमुना विकायला काढल्यावरही त्यात चुका सापडतात. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापावी, चूक कळताच दुरुस्त प्रत तयार करावी आणि ज्यांनी आधी विकत घेतली त्या सगळ्यांना ती विनामूल्य पाठवावी. त्यासाठी घेणाऱ्यांची नावे व क्रमांक पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहून ठेवावेत.