हातात पेन्सिल घेऊन थॉमस मान वाचताना

मी 27 वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. या कामाने डोळ्यांना एक सवय जडते. एकच विशेषण चार पानांत दुसऱ्यांदा दिसलं की हात समासाकडे जातो आणि तिथे प्रश्नचिन्ह उमटतं. जर्मन कादंबरीकार थॉमस मानची 'बुडनब्रूक्स' ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती याच डोळ्यांनी. त्यात टोनी नावाची मुलगी मधाच्या पोळ्याबद्दल एक वाक्य बोलते: हा निसर्गाचा पदार्थ आहे, आपण काय गिळतोय ते निदान कळतं तरी. बऱ्याच पानांनंतर ती पुन्हा तेच बोलते. लग्न मोडून माहेरी आल्यावरही तेच. मी प्रत्येक वेळी समासात प्रश्नचिन्ह करत गेले. लेखक आधीचं विसरला, असं मला वाटत होतं.

पुस्तक संपवून खुणा मागे मागे तपासत गेले तेव्हा उलगडलं. ते वाक्य मुळात टोनीचं नाहीच. ट्रावेम्युंडेच्या समुद्रकिनारी भेटलेल्या, वैद्यकी शिकणाऱ्या एका मुलाचं ते वाक्य. त्याच्यावर तिचं प्रेम बसलं होतं, आणि घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी तिने ते सोडून दिलं. त्याचं नाव ती पुढे फारसं घेत नाही, पण त्याचं वाक्य आयुष्यभर बोलत राहते. 'टोनी त्याला कधीच विसरली नाही' असं लेखकाने कुठेही लिहिलेलं नाही. मधाचं पोळं मात्र पुन्हा पुन्हा पानावर येतं.

म्हणून मान वाचू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हे की सुविचार वेचत बसू नका. जीवन, प्रेम, मृत्यू, कला यांवरची त्याची सुटी वाक्यं खूप फिरतात, पण ती बहुधा कुठल्या तरी पात्राच्या तोंडची असतात आणि पुढच्याच प्रकरणात दुसरं पात्र ती खोडून काढतं. त्याचं स्वतःचं चिंतन परत परत येणाऱ्या वस्तूंत, हालचालींत, चेहऱ्यांत आहे. हे तो जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्यांतून शिकला. तिथे एक छोटी स्वरावली एखाद्या माणसाशी किंवा वस्तूशी बांधलेली असते आणि ती नव्या जागी वाजली की जुनं सगळं सोबत घेऊन येते.

तर पेन्सिल घ्या. पुस्तकाच्या शेवटी जे कोरं पान असतं, त्यावर डावीकडे वस्तूचं नाव लिहा आणि पुढे पान क्रमांक वाढवत जा. आठ-दहा नोंदींच्या पुढे जाऊ नका, नाहीतर वाचन बाजूला राहून हिशेबच सुरू होतो. ओळींखाली रेघा ओढायचा मोह टाळा. सुंदर वाक्याखाली रेघ ओढली की आपण ते समजलो असं वाटून पुढे जातो.

सुरुवात 'टोनिओ क्र्योगर'पासून करावी, असं माझं ठाम मत आहे. 1903 मधली ही दीर्घकथा एका बैठकीत होते. मान 1875 मध्ये उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेकला धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मला. वडील शहराचे सिनेटर, आई ब्राझीलमध्ये जन्मलेली. वडील 1891 मध्ये गेले, पेढी बंद झाली. टोनिओलाही असेच दोन रक्तांचे आईवडील आहेत. कोटाच्या काजात नेहमी रानफूल लावणारे, नीटनेटके उत्तरेकडचे वडील आणि सावळी, तापट, वाद्य वाजवणारी आई. त्याचं प्रेम मात्र निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या, कविता न वाचणाऱ्या माणसांवर आहे. कलावंत व्हायचं तर जगण्यापासून थोडं बाजूला उभं राहावं लागतं, आणि बाजूला उभं राहिलेल्यालाच जगण्याची सर्वांत जास्त ओढ लागते. मानचा हा जन्मभराचा प्रश्न इथे अगदी उघडा दिसतो. त्या रानफुलाची नोंद करा. कथा छोटी असल्यामुळे नोंदींचा सराव इथे चांगला होतो.

मराठी वाचकाला दुसरंही एक दार उघडं आहे. 'वेताळपंचविशी'तली मुंडकी बदललेल्या दोन मित्रांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. मानने 1940 मध्ये तिच्यावर 'द ट्रान्सपोज्ड हेड्स' लिहिली, आणि पुढे गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन'लाही तिचा आधार मिळाला. वेताळाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं की ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तोच नवरा, आणि गोष्ट संपते. मान तिथून पुढे चालतो. बुद्धिमान श्रीदमनचं डोकं नंदाच्या बळकट शरीराला हळूहळू मऊ करत नेतं. सीतेला जे शरीर हवं होतं तेच तिच्या डोळ्यांसमोर बदलत जातं. प्रेम नेमकं कशावर असतं, हा प्रश्न यापेक्षा स्पष्टपणे मांडलेला मला माहीत नाही.

यानंतर 'डेथ इन व्हेनिस', 1912. इथे एकच नोंद पुरे: लाल केसांचा, बसक्या नाकाचा, दात उघडे टाकणारा परका माणूस. तो म्युनिकच्या दफनभूमीपाशी दिसतो, व्हेनिसमध्ये गोंडोला वल्हवतो, नंतर हॉटेलच्या अंगणात गातो. तिन्ही पान क्रमांक शेजारी शेजारी लिहिले की मरण कुठल्या पावलांनी येतंय ते कळतं. शहरात कॉलरा आहे आणि अधिकारी तो प्रवाशांपासून लपवतात, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण कथेचा नायक, लेखक आशेनबाख, याला ते कळल्यावर तोही गप्प बसतो, कारण हॉटेलातल्या ज्या मुलावर त्याचं मन जडलंय तो कुटुंबासह निघून गेला तर काय, ही त्याला भीती. ते पान सावकाश वाचा.

आता 'द मॅजिक माउंटन'. यासाठी तीन-चार महिने मोकळे ठेवा.

1912 मध्ये मानची पत्नी काटिया स्वित्झर्लंडच्या डोंगरांतल्या दावोसला, क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियममध्ये होती. तो तिला भेटायला गेला, साधारण तीन आठवडे राहिला, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यालाही तपासून राहायला सुचवलं. तो उतरून घरी गेला आणि त्याने कादंबरी लिहायला घेतली. मध्ये महायुद्ध आलं. पुस्तक 1924 मध्ये निघालं. त्याचा नायक हान्स कास्टॉर्प मात्र उतरत नाही. तो तिथे उपचार घेणाऱ्या योआखिमला, नात्यातल्या भावाला, भेटायला तीन आठवड्यांसाठी येतो आणि सात वर्षं राहतो.

इथे नोंदींच्या पानावर 'काळ' असा एक रकाना वेगळा करा आणि प्रत्येक प्रकरणापुढे गोष्टीत किती दिवस गेले ते लिहा. तिसरं प्रकरण म्हणजे फक्त पहिला दिवस. पाच प्रकरणं, साधारण निम्मं पुस्तक, संपतं तेव्हा सात महिने झालेले असतात. उरलेली सहाहून अधिक वर्षं दोनच प्रकरणांत. आजारपणात अगदी असंच होतं. वडिलांच्या शेवटच्या आजारात पहिला आठवडा मला तासातासाने आठवतो. नंतरचे पाच महिने एका दुपारीएवढे.

दुसरी नोंद पेन्सिलीची. माझ्या पेशामुळे ही मला फार जवळची वाटते. शाळेत असताना हान्सने हिप्पे नावाच्या, तिरप्या डोळ्यांच्या मुलाकडून पेन्सिल मागून घेतलेली असते आणि तिचे तासलेले तुकडे जपून ठेवलेले असतात. जर्मनमध्ये हिप्पे म्हणजे कोयता, मृत्यूच्या चित्रात त्याच्या हाती असतो तसला. पुढे कार्निव्हलच्या रात्री तो सॅनिटोरियममधल्या रशियन रुग्ण क्लाव्हदिया शोशाकडे जातो, तिचेही डोळे तसेच, आणि तिच्याकडे पेन्सिलच मागतो. तो संवाद मुळात बहुतांश फ्रेंचमध्ये आहे. 1927 च्या लो-पोर्टर यांच्या इंग्रजी अनुवादात तो फ्रेंचच ठेवलाय. 1995 च्या जॉन वुड्स यांच्या अनुवादात त्याचंही इंग्रजी केलंय. फ्रेंच येत नसेल तर वुड्स घ्या, कारण कादंबरीतलं सगळं प्रेम या पानांत आहे.

तिसरी नोंद क्ष-किरणांची. हान्स स्वतःच्या हाताची हाडं पडद्यावर पाहतो, बोटातली अंगठी हाडाभोवती सैल दिसते आणि आपण मरणार आहोत हे त्याला पहिल्यांदा समजतं. नंतर क्लाव्हदिया जाते तेव्हा तो तिचा फोटो ठेवत नाही. तिच्या छातीची क्ष-किरण काच जपतो. प्रेम आणि मृत्यूबद्दल मानला काय म्हणायचंय, ते त्या एका काचेत आहे.

हान्सला आपापल्या बाजूला ओढणारे दोन विचारवंत, सेतेम्ब्रिनी आणि नाफ्ता, यांच्या वादांत बरेच वाचक अडकतात. कोण बरोबर, हे ठरवू नका. कोणत्या वाक्याला हान्स कंटाळतो आणि कुठे त्याचा चेहरा तापतो, एवढंच पाहा, आणि दमलात तर पानं जरा भरभर उलटा. 'बर्फ' या भागात मात्र थांबा. वादळात वाट चुकलेल्या हान्सला स्वप्न पडतं आणि त्यातून त्याला गवसतं की चांगुलपणासाठी, प्रेमासाठी माणसाने मृत्यूला आपल्या विचारांवर सत्ता देऊ नये. हे एकच वाक्य लेखकाने वेगळ्या ठशात छापवून घेतलंय. वेगळ्या ठशाकडे माझं लक्ष आधी जातं, म्हणून मी ते वहीत उतरवून ठेवलं होतं. पण त्याच भागाचा शेवट वाचा. हान्स खाली येतो, पोटभर जेवतो, आणि जे कळलं होतं ते त्याच रात्री पुसट होऊ लागतं. वाक्य उतरवणाऱ्याने शेवटची ही ओळही उतरवायला हवी.

योआखिमचा मृत्यू येईल तेव्हा घरात एकटे असाल तर बरं. शेवटच्या तासांत त्याचा उजवा हात पांघरुणावरून फिरत राहतो, काहीतरी ओढून गोळा करत असल्यासारखा. माझ्या वडिलांचा हात असाच फिरत होता. मी नर्सला विचारलं, ती म्हणाली, होतं असं. मानने ते पाहिलेलं असणार, आणि पाहून त्याचा अर्थ न लावता लिहून ठेवलं. त्यासाठी मी त्याची ऋणी आहे.

'डॉक्टर फाउस्टस' (1947) शेवटी ठेवा. परागंदा असताना अमेरिकेत लिहिलेली ही कादंबरी. सैतानाशी करार करणाऱ्या संगीतकाराची गोष्ट, आणि करार असा की प्रेम करायचं नाही. 'टोनिओ'तला प्रश्न जिथे जाऊन पोचतो ती जागा इथे आहे, म्हणून मधली पुस्तकं आधी हवीत. त्याच्या डायऱ्या तर सगळ्यांच्याही नंतर. मृत्यूनंतर 20 वर्षं त्या सीलबंद होत्या, 1975 मध्ये उघडल्या. पुरुषांविषयीची जी ओढ त्याने जन्मभर झाकली ती तिथे आहे. ती आधी वाचली तर कादंबऱ्यांतलं प्रत्येक दुरून केलेलं प्रेम केवळ चरित्राचा पुरावा होऊन बसतं.

आणि 'मॅजिक माउंटन' दोनदा वाचायची. हे मानने स्वतः अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना 1939 मध्ये सांगितलं होतं: संगीत जसं ओळखीचं झाल्यावर खरं ऐकू येतं, तसं हे पुस्तक. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल निळी घ्या, म्हणजे पहिल्या खुणांत मिसळणार नाही. पहिल्या संध्याकाळी योआखिम पाहुण्याला सांगतो की वरच्या सॅनिटोरियममधली प्रेतं हिवाळ्यात बॉबस्लेडवरून, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवरून, खाली नेतात, आणि हान्सला हसू आवरत नाही. आधीच्या वेळी मी ती ओळ खूण न करता ओलांडली होती. या खेपेला तिच्याशेजारी समासात एक पान क्रमांक लिहिला. त्या पानावर योआखिमचा हात पांघरुणावरून फिरतो.