गुरांची प्रॅक्टिस: नाशिक जिल्ह्यात पहिलं वर्ष काढताना

पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी हातात पडली की आधी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी करा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे तिच्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी व्हायचं असलं तरी जाहिरात, परीक्षा, नेमणूक यात बराच काळ जातो. तोवर खासगी काम धरा, हात बसतो.

तालुका निवडताना तिथलं जनावर बघा. सिन्नर, निफाड, येवल्याकडे संकरित गाई, म्हणजे माज, गाभण तपासणी, दगडी (कासेची सूज), मिल्क फिवर (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटणं). इगतपुरी-त्र्यंबककडे डांगी जातीची गुरं, जनावर काटक, पण वाड्या लांब आणि पावसात पेट्रोलही सुटत नाही. लासलगाव पट्ट्यात भाव पडला की सडका कांदा गव्हाणीत येतो. तो जास्त खाल्ला की तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कॉफीसारखी होते. गोचीडतापातही लघवी अशीच दिसते, म्हणून तो समजून इंजेक्शन भरण्याआधी गव्हाणीत डोकावा.

रात्रीचे फोन बहुतेक विण्याचे, नाहीतर मिल्क फिवरचे. नुकतीच व्यालेली गाय बसली आहे, मान कुशीकडे वळवली आहे, कान गार, नाकपुडी कोरडी. ४५० मिलीची कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरून अंगाच्या उबेला आणा. शिरेतून देताना एका हातात नळी, दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे. बाटली संपायला १० ते २० मिनिटं लागली पाहिजेत. ठोके मंदावले किंवा चुकायला लागले की नळी दाबून थांबा. मालक ‘लवकर करा’ म्हणत असतो, पण घाईत दिलेल्या कॅल्शियमनं हृदय थांबतं आणि गाय तुमच्या हातावर जाते.

आता स्वतःचं. ‘गाईच्या घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय’ हे वाक्य ऐकलं की आधी रेबीज आठवा. उघडा हात तोंडात घालू नका; कुत्रं चावलं होतं का, ते घरातल्या बायकांनाही विचारा, गोठ्याची खबर त्यांनाच जास्त असते. कामाला लागण्याआधीच रेबीजची लस घ्या: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. पुढे रेबीज झालेल्या जनावराशी संपर्क आला तरी डॉक्टरकडे जायचंच, मग दोन डोस पुरतात.

व्याल्यावर आत अडकलेली वार (जार) काढताना खांद्यापर्यंतचा हातमोजा हवाच. गर्भपात झालेली गाय ब्रुसेलाची, म्हणजे माणसालाही लागणाऱ्या जंतुसंसर्गाची, असू शकते. वासरांना द्यायची ब्रुसेलाची एस-१९ लस जिवंत असते. सुई स्वतःला टोचली तर कुपी घेऊन डॉक्टरकडे जा. तुम्हाला संध्याकाळी ताप, सांधे धरलेले, घाम, असं आठवडे चाललं तर टायफॉइडच्या गोळ्यांवर वेळ काढू नका. ब्रुसेलाची तपासणी स्वतःहून मागा; माणसांच्या डॉक्टरला ती सहसा सुचत नाही.

गाभण तपासणीत गुदद्वारातून हात घालून घालून एकच खांदा झिजतो, म्हणून सुरुवातीपासून दोन्ही हात तयार करा. आणि खोडा (जनावर अडकवायची चौकट) नसेल तिथे मागून सरळ उभं राहू नका. जनावर भिंतीला लावून, शेपटी धरायला माणूस ठेवा.

उधारी होणारच. ती वहीत मालकासमोर लिहा आणि दुधाचा पगार होतो त्याच दिवशी वसुलीला जा. डेअरी बहुधा दहा दिवसांनी पैसे देते. दोन दिवस उशीर झाला की तो पैसा पेंडीच्या दुकानात गेलेला असतो.