लोखंडकामाच्या लेथवर लाकूड कसं कातावं

लोखंडकामाच्या लेथवर लाकूड लावायचं म्हटलं की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणजे, मशीनची वाट लागेल, नादाला लागू नकोस. दुसरा, लोखंड कापणारं मशीन लाकडाला काय सोडतंय, लाव आणि चालव. पहिल्यात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात अजिबात नाही. मुठी, रोलर, खुंट्या, ओतकामाचे पॅटर्न अशी सरळ किंवा निमुळती कामं या लेथवर फार नेमक्या मापात उतरतात, कारण इथे टूल हातात नसतं, स्लाइडवर (सरकत्या बैठकीवर) घट्ट असतं. वाडगे आणि वेलबुट्टीचे पाय करायचे असतील तर मात्र कातारी लेथच गाठा.

१. आधी मशीन झाका

भुसा स्लाइडवरचं तेल शोषून घेतो, हवेतला ओलावा धरून बसतो आणि खाली गंज चढवतो. ओकसारख्या टॅनिनवाल्या लाकडाचा भुसा दमट झाला की ओतीव लोखंडावर काळे-निळे डाग पडतात. बेडवर, म्हणजे लेथच्या खालच्या पट्ट्यांवर, पातळ प्लाय किंवा जाड पुठ्ठा टाका. फडकं टाकू नका, फिरत्या जॉबने (कातायच्या तुकड्याने) ते ओढून घेतलं तर पाठोपाठ हातही जाईल. कूलंट बंद. चकमधलं (जॉब पकडणाऱ्या जबड्यांमधलं) जुनं तेल पुसून काढा, नाहीतर ते जॉबवर उडतं आणि तेल प्यालेल्या जागेवर पुढे पॉलिश धरत नाही.

२. जॉब धरा

सुकं, बिनचिरेचं लाकूड, कोपरे तासून अष्टकोनी केलेलं. तीन जबड्यांचा चक लाकूड चेपतो, म्हणून त्या टोकाला वाया घालवायची लांबी ठेवा. दुसऱ्या टोकाला फिरतं सेंटर, म्हणजे जॉबला टेकून त्याच्यासोबत फिरणारं अणकुचीदार टोक. स्थिर सेंटर लाकूड जाळतं. थोडा वेळ चालवून मशीन थांबवा आणि टेलस्टॉक (सेंटर धरणारा भाग) पुन्हा आवळा, कारण सेंटरखालचं लाकूड दबून जॉब सैल होतो. चकची चावी काढली का पाहा, हाताने एक पूर्ण फेरा द्या. हातमोजे नकोत, चेहऱ्यावर शील्ड हवी.

३. वेग

माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने मिनिटाला २५–३० मीटरचा कापवेग पुरतो, लाकडाला तो शेकड्यांत लागतो. ५० मिमी व्यासाचा जॉब १२०० आरपीएमवर फिरला तर वेग मिनिटाला साधारण १८८ मीटर होतो, म्हणजे या लेथचा वरचा गियरसुद्धा लाकडाला जेमतेमच. तरी पहिला कट जॉब पूर्ण गोल होईपर्यंत सावकाशच घ्या, आणि चकवर छापलेली वेगमर्यादा कधीही ओलांडू नका. वेगात जे कमी पडतं ते धारेतून भरून काढायचं असतं.

४. टूलची धार

सगळं अडतं ते इथे. मीही इथेच सगळ्यात जास्त अडलो होतो, आणि वेग वाढव, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी कर, पॉलिश पेपर जास्त घास अशा सल्ल्यांनी काहीही सुधारलं नाही.

स्टीलचं टूल मुद्दाम जाड पाचरीचं घासलेलं असतं, ताण सोसायला. स्टीलसाठीच्या कार्बाइड इन्सर्टची (टूलवर बसवायच्या तयार धारेच्या तुकड्याची) धार तर कारखान्यातच किंचित बोथट करून देतात, म्हणजे ती तुटत नाही. अशी धार लाकडावर टेकली की तंतू कापले जात नाहीत. ते आधी वाकतात, मग उपटले जातात. पृष्ठभाग लोकरीसारखा फुलतो. मग लोक तासभर पॉलिश पेपर घासत बसतात, लाकडातली मऊ रेषा जास्त झिजते, कठीण कमी, आणि ज्या गोलाईसाठी हे लेथ घेतलं तीच जाते.

म्हणून एचएसएसचा एक बिट फक्त लाकडासाठी वेगळा ठेवा. वरचा उतार सुमारे ३० अंश, पुढची मोकळीक १५ अंश, म्हणजे पाचर ४५ अंशांची उरते. नाक चांगलं गोल घासा. ग्राइंडरवरून उतरलेलं टूल धारदार दिसतं, पण ते तयार नसतं: कडेला बारीक लव असते. ती ऑइल स्टोनवर दोन्ही बाजूंनी काढा. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर, जिथे तंतूंची टोकं दिसतात तिथे, हाताने टूल ओढून बघा. काप चकचकीत आला तर लावा, भुरभुरला तर परत दगडावर. ही परीक्षा टाळून पुढे जाण्यात काही अर्थ नाही. टूलची उंची बरोबर सेंटरला.

शेवटच्या कटासाठी माझं मत ठाम आहे: उभ्या धारेचं तिरकं टूल घासा. त्याची धार आडवी नसते, जवळजवळ उभी आणि बाजूला थोडी कललेली असते, त्यामुळे ती जॉबला चाटून जाते. खोली ०.१ ते ०.२ मिमी, फीड बारीक. खाली भुशाऐवजी पातळ कुरळी साल पडू लागली की धार आणि कल जमला. खोली वाढवलीत की ते खुपसतं. ज्यांना टूल घासायचंच नाही त्यांनी ॲल्युमिनियमसाठीचं पॉलिश केलेलं धारदार इन्सर्ट लावावं, रफिंगपुरतं (सुरुवातीच्या ढोबळ कटापुरतं) ते चालतं.

आणि टूल पोस्टवर पटाशी टेकवून हाताने कातणं? नको. पटाशी अडकली तर गियरवर चालणारं लेथ घसरत नाही, थांबत नाही. तुटतं ते लाकूड, नाहीतर बोट. हातानेच करायचं असेल तर क्रॉस स्लाइडवर (आडव्या स्लाइडवर) बोल्टने घट्ट बसणारा टूल रेस्ट, जॉबपासून ३ मिमीवर, कॅरेज (टूल वाहून नेणारा गाडा) लॉक केलेलं आणि लांब मुठीची कातारी हत्यारं. याहून कमी तयारीवर मी मशीन चालू करत नाही.

५. कट

मोठ्या व्यासाकडून लहानाकडे जा. खांदा (व्यास एकदम बदलतो ती पायरी) काढण्याआधी त्या रेघेवर टोकदार टूलने खाच पाडा, कड फुटत नाही.

६. घासणं आणि सफाई

पॉलिश पेपरची सुटी पट्टी जॉबच्या खालच्या बाजूने धरा, बोटाला कधीही गुंडाळू नका. बेड झाकलेलाच असू द्या, पेपरमधून सुटणारे कण स्लाइड झिजवतात. मास्क घाला: लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे. भुसा त्याच दिवशी व्हॅक्यूमने ओढा, हवेच्या पाइपने उडवलात तर तो गिब (स्लाइडमधली पट्टी) आणि लीड स्क्रूत (कॅरेज सरकवणाऱ्या लांब स्क्रूत) जाऊन बसतो. ग्राइंडरच्या ठिणग्या भुशापासून लांब. मग स्लाइड पुसून ताजं तेल.