ओळखीच्या रस्त्यावरच लक्ष सुटतं: गाडी चालवताना या चुका टाळा

सात वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. सांगलीत चुलत बहिणीचं लग्न उरकून आम्ही साताऱ्याला परत निघालो होतो. पहाटे चारला उठलेलो, मांडवातली धावपळ, वर जिलेबी-मठ्ठ्याचं भरपेट जेवण. कराड सोडलं तेव्हा तीन वाजत आले होते. मागच्या सीटवर बायको आणि दोन्ही पोरं गाढ झोपलेली. काचा बंद, एसी चालू, रस्ता सरळ. अतीत गावाच्या अलीकडे डाव्या चाकाखाली खडी वाजली आणि शेजारी बसलेले मामा ओरडले, "आरं, गाडी कुठं चाललीय?"

समोर साइडपट्टीवर उभा असलेला ट्रक होता. स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, मागून कुणी येत नव्हतं म्हणून वाचलो. मला उंब्रज आठवत होतं. त्यापुढचं काशीळ गाव कधी मागे गेलं ते आजही आठवत नाही.

मामा एसटीत चालक होते. नागठाण्यात त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि माझ्याकडून किल्ली घेतली. रागावले नाहीत. "घाटात तू चांगला चालवतोस, सरळ रस्त्यावर झोपतोस," एवढंच म्हणाले. त्या वाक्यानं मला जे शिकवलं तेच इथे लिहितो आहे. पसरणी घाट किंवा खंबाटकी आला की आपण सावरून बसतो. धोका वाढतो तो रस्ता पाठ झाला, गाडी हाताखालची झाली, अंग सैल पडलं की मग. खाली दिलेल्या बहुतेक चुका आरामासाठी केलेल्या आहेत, म्हणूनच त्या चुका वाटत नाहीत.

झोपेशी भांडत बसणं

डुलकी लागायला डोळे पूर्ण मिटावे लागतात असं नाही. मेंदू दोन-चार सेकंद बंद पडतो आणि आपल्याला कळतही नाही. ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते. चार सेकंदांत झाले 89 मीटर, म्हणजे कबड्डीची जवळजवळ सात मैदानं एकामागे एक. तेवढं अंतर गाडी कुणीच चालवत नसतं.

शरीराच्या घड्याळात झोपेचे दोन उतार असतात. एक पहाटे दोन ते सहाच्या सुमाराचा, दुसरा दुपारी दोन ते चारचा. जेवण हलकं असलं तरी दुपारचा उतार येतो, पंगतीनंतर तो जास्त जाणवतो एवढंच. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात शंभर मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते असं प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. दिवसभर काम करून रात्री पुण्याहून गावाकडे निघणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब स्वतःशी मांडून बघावा.

झोप येते आहे हे ओळखायच्या खुणा जांभईच्या आधी सुरू होतात. मागचा फाटा कोणता होता ते सांगता येत नाही. वेग आपोआप 90 वरून 70 वर येतो आणि पुन्हा चढतो. पापण्यांची उघडझाप वाढते, मानेवर सारखा हात जातो, पट्टा सोडून गाडी थोडी सरकते आणि आपण ती दचकून आत घेतो. हे दचकणं एकदा झालं की गाडी थांबवायची. "सातारा आलंच की, वीस मिनिटं राहिलीत" हा विचार मनात आला असेल तर तीही एक खूणच समजा.

काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू मळणं यांनी काही मिनिटं बरं वाटतं, झोप तिथंच राहते. उपाय झोपेचाच आहे. हमरस्त्याच्या कडेला नाही, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात गाडी लावा. एक कप कडक चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून पडा. कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. उठल्यावर लगेच स्टार्टर मारू नका, पाच मिनिटं पाय मोकळे करा. रात्रीची झोपच झाली नसेल तर हा उपाय फार पुरत नाही, मग चालक बदलायचा नाहीतर मुक्काम करायचा.

सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांचं इथंच सांगतो. त्यातल्या अनेकांमुळे गुंगी येते. औषधाच्या दुकानात गोळी घेताना "मला गाडी चालवायची आहे, चालेल का?" एवढं विचारायला लाजू नये.

एसीचा तो गोल बाणाचा खटका

हा खटका दाबला की एसी बाहेरची हवा घेणं थांबवतो आणि आतलीच हवा फिरवत राहतो. गाडी लवकर गार होते, धूळ-धूर आत येत नाही. शिरवळजवळच्या ट्रकांच्या धुरात तो दाबावाच लागतो. पण पाच माणसं बसलेल्या बंद गाडीत तासभर तो तसाच राहिला तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो, डोकं जड होतं, ग्लानी येते. मागची मंडळी पटापट झोपतात आणि आपण म्हणतो गाडी किती आरामशीर आहे! त्या दुपारी माझ्या गाडीत तो खटका सांगलीपासून दाबलेला होता. आता गाडी गार झाली की मी तो बंद करतो, आणि पावसाळ्यात तर करावाच, नाहीतर आतली वाफ काचेवर धरते.

दिवाणखान्यासारखं बसणं

सीट मागे ढकललेली, पाठ झोपवलेली, एक कोपर खिडकीत, दुसरा हात गियरच्या दांड्यावर. लांबच्या प्रवासात असं बसलं की अंग सुखावतं आणि नेमकी गरज पडते तेव्हा ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. पाहायची पद्धत सोपी आहे. पाठ सीटला टेकलेली असताना ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात सरळ पुढे केले की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग तिथून जोरात उघडते. पाठ फार झोपवलेली असेल तर धडकेत माणूस बेल्टखालून पुढे सरकतो आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो.

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. गियरच्या दांड्यावर हात ठेवल्यानं गियर सरकवणाऱ्या आतल्या फोर्कवर सतत दाब येतो, क्लचवर पाय टेकवून ठेवल्यानं क्लचप्लेट आणि बेअरिंग लवकर जातात. गॅरेजच्या बिलात या दोन्ही सवयी दिसतात.

पायाशी काय आहे तेही बघा. मापाच्या नसलेल्या चटईवर दुसरी चटई, सैल चप्पल, सीटखालून घरंगळलेली पाण्याची बाटली. बाटली ब्रेकखाली अडकली की ब्रेक लागत नाही, इतकं ते साधं आहे. मी चपला काढून सीटखाली ठेवायचो, तेही चूकच. त्याच पुढे सरकतात. चालवताना बंद बूट किंवा पट्ट्याची सँडल घाला, काढलेलं काहीही मागच्या बाजूला टाका.

बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप

बेल्ट न लावता नुसती क्लिप खोचली की गाडीचा टुणटुण आवाज थांबतो. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या संकेतस्थळांना असल्या क्लिपा काढून टाकायला लावल्या, तरी त्या अजून गाड्यांत दिसतात. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीनं काम करण्यासाठी बनवलेली आहे. बेल्ट नसलेला माणूस पुढे फेकला जातो आणि उघडत्या एअरबॅगवर आदळतो. मागच्या सीटवरही बेल्ट कायद्यानं सक्तीचा आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. आपल्याकडे आजीला मागे बसवतात आणि बेल्ट लावा म्हटलं की "मला कशाला" म्हणतात. तिला आपण स्वतः लावून द्यायचा, एवढाच मार्ग आहे.

उतारावर न्यूट्रल

ही सवय मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती हुशारी म्हणून शिकवली जाते. पाचगणीहून वाईला उतरताना, यवतेश्वरहून साताऱ्यात येताना कितीतरी जण तेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडतात. काही तर किल्लीच बंद करतात.

कार्बोरेटरच्या काळात यात थोडंफार तेल वाचायचं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवत राहतात आणि संगणक इंधन तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे वाचत काही नाही, वर इंजिनाचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, पॅडची पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. इंजिन बंद केलं असेल तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि स्टिअरिंग जड होतं. किल्ली बाहेर काढली तर लॉकही पडू शकतं.

मामांचा नियम असा: ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका, दाबा, वेग आणा खाली, सोडा.

घाटात जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर घाबरून इंजिन बंद करू नका. एकेक गियर खाली आणा, ब्रेक भराभर पंपासारखा मारा, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा, पार्किंग लाइट लावा, हॉर्न वाजवत राहा आणि गाडी दरीच्या बाजूला न नेता डोंगराकडे धरा. थांबल्यावर चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या आणि पेडल तरीही मऊ असेल तर मेकॅनिक आल्याशिवाय हलू नका.

"हा रस्ता डोळे झाकून चालवतो"

हे वाक्य अभिमानानं म्हटलं जातं. पाठ झालेल्या रस्त्यावर आपण समोरचं बघत नाही, आठवणीतलं बघतो. साताऱ्याच्या पुढे शेंद्र्यापासून कागलपर्यंतच्या सहापदरीकरणाच्या कामात हे फार जाणवलं. काल सरळ असलेला रस्ता आज सेवा रस्त्यावर वळवलेला आणि रोजचा माणूसच बॅरिकेडपाशी जोरात ब्रेक मारतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यापुढचं उतारावरचं एस वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. बोगद्याच्या सरळ, एकसुरी अंतरानंतर लगेच उतार आणि वळण येतं, तिथे वेगाचा अंदाज चुकतो. बोगदा संपायच्या आधीच वेग काट्यावर बघून कमी करायचा, अंदाजानं नाही.

आणि ऊस. गाळप हंगाम सुरू झाला की शेंद्रे, रेठरे, साखराळे अशा कारखान्यांच्या वाटांवर संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटचा, उजेड साधारण 40 ते 50 मीटरपर्यंत पडतो. 80 च्या वेगात धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीसेक मीटर जातात आणि पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी तेवढेच. ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पेठ नाक्यावरून आष्ट्याकडे किंवा कराडहून मसूरकडे रात्री जायचं असेल तर हंगामात 50 च्या वर जाऊ नका, उजेडाच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवा. ट्रॉलीवाल्यांना, गावातल्या आपल्याच माणसांना, रिफ्लेक्टरचं लाल कापड उसाच्या वरून बांधायला सांगा. ते ऐकतात. आमच्या भावकीतल्या दोघांनी ऐकलं.

कानाला लागला नाही म्हणजे फोन नाही, असं समजणं

हात मोकळे असले तरी डोकं बोलण्यात असतं. समोर दिसत असलेली गोष्ट अशा वेळी नोंदली जात नाही, म्हणून ब्लूटूथवरचं लांबलचक बोलणंही धोक्याचंच. मॅप निघण्याआधी लावा. शेजारी बसलेल्याला फोन घ्यायला सांगा. "गाडीत आहे, नंतर करतो" हे वाक्य दोन सेकंदांचं आहे. 60 च्या वेगात तेवढ्यात गाडी 33 मीटर जाते, तेही लक्षात असू द्या.

शेजारच्या सीटवरच्या माणसाचं कामही ठरवून द्यावं लागतं. त्यानं झोपायचं नाही, चालकाशी अधूनमधून बोलायचं, उत्तर उशिरा यायला लागलं की गाडी थांबवायला लावायची. मामा त्या दुपारी जागे होते म्हणून मी हे लिहू शकतो आहे.

सांगलीहून येताना आता उंब्रजला आमची गाडी थांबतेच, झोप आलेली असो वा नसो. पोरं उतरून रसवंतीवर जातात, बायको मागून "वीस मिनिटं" म्हणून गजर लावते, आणि मी डोळे मिटतो.